उतरण्याची जागा

परप्रांतात नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी माणसास जी नाना प्रकारची सल्लागारी विनावेतन करावी लागते, तीत 'उतरावे कोठे?' या प्रश्नाचा क्रम बराच वरचा आहे. कोलकात्यास येऊन आम्हांस आता सात वर्षे होत आली. एवढ्या अवधीत नागपूरचे मामेभाऊ, पुण्याचे जुने शेजारी, त्या शेजाऱ्यांचे व्याही, आणि एकदा तर केवळ आडनाव एक असल्याच्या बळावर पत्ता काढीत आलेले एक सद्गृहस्थ, अशा अनेकांनी तो आम्हांस विचारला. पूर्वी त्याचे उत्तर सोपे असे. 'आमच्याकडेच' हे ते उत्तर. घरी अडचण असली तर हाजरा रोडवरील महाराष्ट्र निवासाकडे बोट दाखवावे, की आपले कर्तव्य संपले. अलीकडे विचारणारा मनुष्य प्रश्नातच उत्तर बांधून आणतो. 'तुमच्याकडे जागा आहे का?' असे तो विचारीत नाही; 'कोणते हॉटेल बरे?' असे विचारतो. या दोन प्रश्नांमध्ये केवढे अंतर आहे, हे बदलीच्या गावी चार वर्षे काढलेल्या वाचकांस सांगावयास नको.

गेल्या हिवाळ्यात हा दुसरा प्रश्न आमच्या सख्ख्या धाकट्या भावाने विचारला. तो पुण्यास संगणकाच्या एका कंपनीत आहे. पगार किती, हे आम्ही विचारीत नाही व तो सांगत नाही, त्यामुळे दोघांचाही मान राहतो. त्याने लिहिले होते, "दादा, डिसेंबरात पाच दिवस येतोय. आम्ही दोघं आणि आई. मोठं पंचतारांकित घ्यावं, की ती हल्ली जुन्या वाड्यांत छोटी बुटिक हॉटेलं निघालीत त्यातलं एखादं? तू तिथला आहेस, बघून सांग. आईला आमच्याबरोबरच ठेवू. तुझे तीन जिने तिला झेपायचे नाहीत."

या मजकुरातील पहिली चार वाक्ये आम्ही सौभाग्यवतींना मोठ्याने वाचून दाखविली. शेवटची दोन वाचली नाहीत. पण फोन त्यांनी हातातून घेतला तेव्हा ती त्यांनी आपणहून वाचली. थोडा वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बुटिक म्हणजे ब्लाउज शिवून देतात ते ना?"

शेवटच्या वाक्यात खोटे काही नव्हते. सॉल्ट लेकमधील सरकारी वसाहतीत आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. इमारतीस लिफ्ट नाही, पायऱ्या चोपन्न आहेत आणि आईचे दोन्ही गुडघे गेली काही वर्षे कुरकुर करीत आहेत. तरीही आपली आई आपल्याच गावी येऊन परक्या छपराखाली निजणार, ही गोष्ट विचाराने पटली तरी मनास पटण्यास अवधी लागतो. तो अवधी आम्ही हॉटेलांच्या तुलनेत घालविला. कारकुनाचे हे एक बरे असते. दुःख झाले की त्यास तक्ता आखता येतो.

या विषयातील आमचा अधिकार किती, हे आरंभीच नमूद करणे उचित होईल. सातव्या वेतन आयोगानंतर वित्त मंत्रालयाने २०१७ सालच्या जुलैत दौऱ्याच्या भत्त्यांविषयी जो आदेश काढला, त्यात पाचव्या व त्याखालील वेतनस्तराच्या नोकरास हॉटेलच्या खोलीसाठी दिवसाला ४५० रुपयांपर्यंत भरपाई ठरविली. सहा ते आठ या स्तरांस ७५०, नऊ ते अकरांस २२५०, बारा व तेरांस ४५००, आणि चौदा व त्यावरील थोरांस ७५००. शहरातल्या शहरात हिंडण्यासाठी आमच्या स्तरास दिवसाला ११३ रुपये. त्यातील वरचे तीन रुपये कोणत्या सूक्ष्म विचाराने आले असतील, याचे कुतूहल आम्हांस अद्याप आहे. साडेचारशे रुपयांची खोली भारतातील मोठ्या शहरात कशी असते, हे या मासिकाच्या अनेक वाचकांस ठाऊक असेल. तिला खिडकी असते. ती दुसऱ्या इमारतीच्या भिंतीकडे उघडते. आणि आदल्या प्रवाशाने उशाशी कोणते तेल लावले होते हे रात्रभर कळत राहते. अशा खोल्यांचा आमचा अभ्यास दांडगा आहे. पंचतारांकितांचा अभ्यास मात्र दाराबाहेरून झालेला.

तेव्हा एका शनिवारी इस्त्रीचा सदरा घालून आम्ही पाहणीस निघालो.

प्रथम ग्रेट ईस्टर्न. डलहौसी चौकाच्या परिसरात, ओल्ड कोर्ट हाऊस स्ट्रीटवर ही जुनी पेढी उभी आहे. १८४० च्या सुमारास डेव्हिड विल्सन नावाच्या एका पाववाल्याने तिची स्थापना केली व तत्कालीन गव्हर्नर जनरलांच्या नावावरून तिला 'ऑकलंड हॉटेल' म्हटले. लोक मात्र विल्सनचे हॉटेल म्हणूनच ओळखीत. पुढे तिचे नाव बदलले, कंपनी झाली, स्वातंत्र्यानंतर पश्चिम बंगाल सरकारने ती आपल्या ताब्यात घेतली, २००५ साली ती दिल्लीच्या एका हॉटेल-कंपनीस विकली गेली आणि दुरुस्त्या होऊन २०१३ साली नव्या थाटात पुन्हा उघडली. जवळच रायटर्स बिल्डिंग आहे. हे रायटर म्हणजे लेखक नव्हेत. ईस्ट इंडिया कंपनीचे कारकून. कारकुनांच्या नावे एवढी भव्य इमारत दुसऱ्या कोणत्या शहरात असेल असे वाटत नाही, आणि तिच्यासमोरून जाताना आमची चाल किंचित बदलते हे खरे आहे. गंमत अशी, की ज्या २०१३ साली राज्याचे सचिवालय या इमारतीतून हावड्याच्या 'नबान्न'मध्ये हलले, त्याच साली शेजारचे हॉटेल पुन्हा गजबजले.

हॉटेलाच्या आत पाऊल टाकल्यावर पहिली गोष्ट ध्यानी आली ती ही, की आम्ही कोण, कोठले, कशासाठी आलो, हे कोणीही विचारले नाही. एका तरुणाने हसून नमस्कार केला, दुसऱ्याने खोली दाखविण्याची व्यवस्था केली. त्या आदबीत आमच्या चेहऱ्याचा काही संबंध नव्हता. जो आत येईल त्याच्यासाठी ती सारखीच होती. काहींस ही आदब थंड वाटते. आम्हांस ती सुखाची वाटली. दिवसभर कोणत्या ना कोणत्या टेबलापुढे आपले नाव, हुद्दा व प्रयोजन सांगत फिरणाऱ्या माणसास, ते न सांगता कोचावर बसता येणे ही लहान सवलत नव्हे. खोली प्रशस्त होती. तिच्यात विशेष काही नव्हते, आणि गैरसोयीचेही काही नव्हते. दिवे, पाणी, गादी, सर्व आपापल्या जागी. आम्ही नोंदवहीत लिहिले : 'लिफ्ट आहे.' मग ती ओळ उगाच थोडी गिरविली.

बाहेर पडून डेकर्स लेनमध्ये पाव-स्ट्यू घेतला. गव्हर्नरांच्या प्रासादापासून आणि या हॉटेलापासून चार पावलांवर ही कचेरीवाल्यांची खाऊगल्ली आहे. पंचतारांकित दाराआड एका चहास जे पडते, त्यात येथे चारजणांची जेवणे होतील. मोठ्या हॉटेलात उतरणाऱ्याने ही गल्ली चुकवू नये, हा सल्ला आम्ही सर्वांस देतो व तो कोणी मानीत नाही.

सडर स्ट्रीटवरील फेअरलॉनकडे केवळ वाटेत म्हणून डोकावलो. १७८३ सालची ती हिरवीगार वास्तू स्मिथ कुटुंबाने कित्येक दशके चालविली. व्हायोलेट स्मिथ या बाई २०१४ साली निवर्तल्या; तोवर फेअरलॉन म्हणजे त्या, असेच समीकरण होते. शशी कपूर आणि जेनिफर केंडल यांचाही तेथे राबता होता. २०१८ साली ती एल्गिन या हॉटेल-मंडळींकडे गेली. तेथे उभे असताना मनात आले, की ग्रेट ईस्टर्नने पाववाला पाहिला, कंपनी पाहिली, सरकार पाहिले, दिल्लीकर पाहिले, आणि तरी ते ग्रेट ईस्टर्नच राहिले. लहान हॉटेलाचे तसे नसते. त्याचा जीव एका माणसात असतो. ते माणूस गेले की भिंती राहतात, रंगही तोच राहतो, पण नवा पाहुणा जुन्याच्या आठवणी ऐकत बसतो.

आता 'बुटिक' या प्रकाराविषयी. शब्द फ्रेंच, अर्थ लहानसे दुकान. म्हणजे सौभाग्यवतींचा तर्क अगदीच निराधार नव्हता. न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली 'मॉर्गन्स' नावाचे हॉटेल निघाले, तेव्हा त्याच्या चालकांपैकी स्टीव्ह रुबेल यांनी इतर हॉटेले म्हणजे मोठी भांडारे आणि आपले ते बुटिक, अशी तुलना केली. तेथून हा शब्द हॉटेलांस चिकटला असे सांगतात. आपल्या पर्यटन मंत्रालयाच्या वर्गीकरणात एकापासून पाचापर्यंत तारे आहेत, आणि १९५० पूर्वीच्या वास्तूंसाठी वारसा-हॉटेलांचा निराळा वर्ग आहे. तारा मिळवावयाचा तर किमान दहा खोल्या लागतात. सहा खोल्यांच्या घरास तारा मिळत नाही. ते मग आपले आपण बुटिक होते.

आम्ही पाहिलेले असे घर श्यामबाजारच्या बाजूस आहे. नाव येथे देत नाही, कारण पुढे जे लिहीत आहोत ते त्या एकट्यास लागू नाही. उत्तर कोलकात्यातील जुन्या श्रीमंत बंगाली घरांपैकी ते एक. मधोमध अंगण, त्यास तेथे 'उठोन' म्हणतात; दुर्गापूजेसाठी कमानींचा ठाकुरदालान; लाल सिमेंटची, पाय ठेवताच थंड लागणारी गुळगुळीत जमीन; खिडक्यांना लाकडी पट्ट्यांच्या हिरव्या झडपा. पुरे घर कोणीतरी जीव लावून नीट केले आहे. कोठलीही खोली दुसरीसारखी नाही. एकीत जुना ग्रामोफोन, एकीत छापखान्याच्या लाकडी ठशांची पेटी, एकीत आजीबाईंचा असावा असा चार खांबांचा पलंग. संध्याकाळी शेजारच्या घरांतून शंख वाजले तेव्हा आम्ही गच्चीवर होतो, आणि खरे सांगावयाचे तर आपल्यालाच येथे दोन दिवस राहावयास मिळावे असे वाटून गेले. सात वर्षे या शहरात राहूनही त्याचे घर आतून आम्ही असे निवांतपणे पाहिले नव्हते. बंगाली स्नेही आम्हांस आहेत. पण तेही आमच्यासारखेच सरकारी खोल्यांतून राहतात.

तेथील व्यवस्थापक मोठे बोलके. त्यांनी चहा मागविला, आम्ही कोठले ते विचारले, आणि मराठी म्हणताच हसून 'बर्गी!' म्हणाले. १७४२ साली नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने कोलकातेकरांनी गावाभोवती खंदक खणावयास घेतला होता. तो पुरता कधी झालाच नाही. पुढे बुजवून त्याच्या वाटेने सर्क्युलर रोड निघाला. बागबाजारात 'मराठा डिच लेन' नावाची गल्ली मात्र अजून आहे. ज्यांना बाहेर ठेवण्यासाठी खंदक खणला, त्यांनाच आता भाडे घेऊन आत झोपवितो, असे ते म्हणाले. विनोद चांगला होता. तो दर मराठी पाहुण्यास ऐकविला जात असणार, हेही उघड होते.

आणि येथेच आमच्या मनात तुलनेचा धागा सापडला. मोठ्या हॉटेलात आपणांस एकटे सोडतात. लहानात सोडत नाहीत. सकाळी लुची आणि आलूर दम समोर येतो तेव्हा त्याबरोबर त्या घराची हकिगत येते. आज कोठे जाणार, हे विचारले जाते; तेथे जाऊ नका, येथे जा, असेही सांगितले जाते. दुसऱ्या खोलीतील फ्रेंच दांपत्याशी ओळख करून दिली जाते. रात्री उशिरा आलात तर कोणीतरी तुमच्यासाठी जागे राहिलेले असते, आणि त्याची जाणीव तुम्हांस होते. 'घरच्यासारखे' हा शब्द अशा ठिकाणच्या जाहिरातीत हटकून असतो, आणि तो खोटा नसतो. ज्याचे या शहरात कोणी नाही, त्याने निःशंक अशाच घरी उतरावे. पाच दिवसांचे का होईना, त्याला येथे माणूस मिळेल. परंतु ज्याचा सख्खा भाऊ अर्ध्या तासाच्या अंतरावर राहतो, त्यास दुसरे घर कशाला? दिवसाचा जो वेळ हौशी यजमानाने घेतला, तो कोणाच्या तरी वाट्याचा असतो. आमचे म्हणणे स्वार्थी वाटेल, ते आहेच. भावाने आणि भावजयीने सकाळची लुची कोठेही खावी. संध्याकाळी गोविंदभोग तांदळाचा भात, ज्यास आम्ही येथे आंबेमोहोराच्या जागी मानून घेतले आहे, तो मात्र आमच्या घरी खावा. आणि तेव्हा त्यांच्या पोटात व मनात दोन्हीकडे जागा शिल्लक असावी.

खर्चाच्या बाबतीत लहान म्हणजे स्वस्त, ही समजूत टिकत नाही. चौकीदार, आचारी, पाण्याचा पंप आणि छपराची गळती यांचा खर्च अडीचशे खोल्यांवर वाटला जाणे निराळे व सहा खोल्यांवर वाटला जाणे निराळे. दोन्ही ठिकाणचे दर रेल्वेच्या काही तिकिटांप्रमाणे दिवसागणिक हलतात व नाताळाच्या सुमारास फुगतात. पाहावयाची गोष्ट एकच. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर वस्तू व सेवा कर पाच टक्के आहे. त्यापुढे एकदम अठरा. म्हणजे ७५०० च्या खोलीवर कर ३७५ रुपये, आणि ८००० च्या खोलीवर १४४०. पाचशे रुपयांचा फरक बिलात १५६५ चा होतो. २०१७ च्या आदेशाने अत्युच्च अधिकाऱ्यास जेथे थांबविले, नेमक्या त्याच आकड्यापासून ऐश्वर्याचा कर सुरू व्हावा, हा योगायोग असेल. आमच्यासारख्यास तो पाहून उगीचच बरे वाटते.

राहिली लिफ्ट. श्यामबाजारच्या त्या घरास लिफ्ट नव्हती. सागवानी कठड्याचा, अरुंद, चढा जिना होता आणि चांगल्या खोल्या वरच्या मजल्यांवर. हे पाहिल्यावर आमच्या मनात जो विचार आला तो लिहून ठेवण्यासारखा आहे. आपण याच घराची शिफारस केली, तर जिना तेथेही आणि जिना आमच्याकडेही. मग आईने आमच्याकडेच का राहू नये, असे म्हणता येईल. युक्तिवाद बिनतोड होता. मेट्रोत बसून घरी येईपर्यंत आम्ही तो मनात चार प्रकारे मांडून पाहिला. सौभाग्यवतींना सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, "आणि त्या जिन्यावर आई बसल्या म्हणजे?"

त्या रात्री भावाला टिपण लिहिले. ग्रेट ईस्टर्न घे. लिफ्ट आहे. एस्प्लनेडपासून आमच्यापर्यंत मेट्रोची सरळ गाडी आहे. सियालदा ते एस्प्लनेड हा तुकडा २२ ऑगस्ट २०२५ रोजी सुरू झाल्यापासून मध्ये गाडी बदलावी लागत नाही, स्थानकांतही लिफ्ट आहेत. श्यामबाजारचे घर एकदा चहाला म्हणून बघून ये. आणि रात्रीचे जेवण रोज आमच्याकडे. हे टिपण नव्हे, हा आदेश समजावा.

मंडळी आली. आईला एवढ्या मोठ्या खोलीत करमणार नाही, असा आमचा अंदाज होता. तो तिने पहिल्याच दिवशी धुळीस मिळविला. तिच्या मजल्यावरील खोल्या आवरणारा मुलगा मेदिनीपूरकडचा होता. त्याने तिला 'माशिमा' म्हटले. माशिमा म्हणजे मावशी, हे तिला कोणी सांगावे लागले नाही. ती मराठीत बोले, तो बंगालीत. त्याच्या आईला मोतीबिंदू आहे, धाकटी बहीण अकरावीत आहे आणि भात यंदा बरा झाला आहे, ही सर्व माहिती तिने दोन दिवसांत जमविली. तो यावयाच्या आधी ती चादरी घडी करून ठेवी व तो येऊन त्या पुन्हा उलगडी. आमच्यासाठी पुण्याहून तिने बेसनाच्या लाडवांचा डबा आणला होता. डब्यात लाडू चाळीस होते. आमच्याकडे पोहोचले ते चौतीस.

रोज दहाच्या सुमारास ती भावजयीबरोबर मेट्रोने येई आणि आमचे चोपन्न पायऱ्यांचे चढण प्रत्येक मजल्यावर विश्रांती घेत चढे. दुसऱ्या मजल्यावरील बंगाली बाईंनी तिच्यासाठी जिन्यात एक स्टूल ठेवले होते. तेथे ती बरीच बसत असावी, कारण वर आल्यावर त्या बाईंच्या सुनेविषयी तिचे मत तयार झालेले असे. चौथ्या दिवशी रात्री जेवणे उशिरा आटोपली. भाऊ बूट घालू लागला तेव्हा आई कॉटवर आडवी होती. "आज राहू दे रे," एवढेच ती म्हणाली, आणि सौभाग्यवतींनी बोलण्यास अवसर न देता दिवा मालविला.

सकाळी आठ वाजता भावाचा फोन आला. "दादा, आईला सांग, नाश्ता तिघांचा धरलेला होता. एकाचा फुकट गेला." आई ओट्याशी उभी राहून कांदा चिरीत होती. तिने मान वर न करता विचारले, "किती पैशाचा होता म्हणे?" आम्ही भावाला विचारले. त्याने आकडा सांगितला. आम्ही तो आईला सांगितला नाही. पोहे भिजवावयास घेतले.